रविवारची राईड नक्की किती तासांची असते?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. डोंगरवाटांवर धावणारा किंवा सायकल चालवणारा विचारतो, "मी दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, पहाटे उठून व्यायाम करतो, तरीही घरचे नाराज का?" घरात मागे राहणारी व्यक्ती विचारते, "इतक्या चांगल्या गोष्टीबद्दल तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने?" मला हा दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो, कारण तो विचारणाऱ्याला आपल्या नाराजीचीच लाज वाटत असते आणि त्यामुळे ती नाराजी भलत्याच विषयांवरून बाहेर पडत राहते. या प्रश्नाचे उत्तर मी एका जोडप्याच्या अनुभवातून देत आहे. त्यासाठी त्या दोघांची संमती घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ ४३ वर्षांचे होते आणि कोथरूडमध्ये पत्नी, नऊ वर्षांची मुलगी व आई यांच्यासह राहत होते. टाळेबंदी उठल्यानंतर वजन कमी करावे म्हणून त्यांनी वेताळ टेकडीवर चालायला सुरुवात केली. चालण्याचे धावणे झाले, टेकडी कमी पडू लागली तेव्हा शनिवारी आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट सुरू झाली, आणि गुडघ्याला थोडी विश्रांती मिळावी म्हणून घेतलेली सायकल वर्षभरात धावण्याइतकीच महत्त्वाची होऊन बसली. ते माझ्याकडे आले तेव्हा मंगळवारी व गुरुवारी टेकडी, शनिवारी गड आणि रविवारी पानशेतकडे किंवा बोपदेव घाटात सायकल असा त्यांचा आठवडा ठरलेला होता. त्यांच्या हिशेबाने ही सगळी मिळून साधारण अकरा तासांची गुंतवणूक होती. "आठवड्यात १६८ तास असतात," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "त्यांतले अकरा मी माझ्यासाठी घेतले, तर ते फार आहेत का?"

फार नाहीत, असेच मी त्यांना सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवला आहे. त्यापेक्षा त्यांचा व्यायाम बराच अधिक होता, परंतु त्या शिफारशीतला वरचा आकडा ही काही मनाई नव्हे. त्यांची प्रकृती उत्तम होती, झोप चांगली लागत होती, आणि टाळेबंदीच्या काळात आलेली घुसमट टेकडीने दूर केली असे ते मनापासून सांगत होते. माणसाला इतके बरे वाटायला लावणारी गोष्ट कमी करण्याचा सल्ला समुपदेशकाने सहजासहजी देऊ नये.

मी मात्र तो दिला, आणि तिथे माझे चुकले. त्यांच्या पत्नी पहिल्या भेटीत फारसे बोलल्या नाहीत. "कमी केले तर बरे होईल" एवढेच म्हणाल्या. मी तो शब्द धरून चारऐवजी तीन दिवसांचा तोडगा सुचवला, गृहस्थांनी तो सौजन्याने मान्य केला आणि शनिवारचा गड बंद झाला. तीन आठवड्यांनी दोघे परत आले तेव्हा घरातले वातावरण पूर्वीपेक्षा वाईट होते. शनिवारी ते घरी होते, पण कपाळावर आठ्या घेऊन होते. मुलीवर दोनदा विनाकारण ओरडले होते, आणि एका बुधवारी कार्यालयात लवकर जायचे आहे असे सांगून चांदणी चौकापलीकडे सायकल चालवून आले होते. हे त्यांनी माझ्यासमोर स्वतःहून कबूल केले. पत्नीला राग आला तो सायकलीचा नव्हता. "खोटं कशाला बोलायचं?" एवढेच त्या म्हणाल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या.

तेव्हा मी तासांचा हिशेब बाजूला ठेवला आणि गृहस्थांना विचारले की तिथे त्यांना असे काय मिळते जे घरात मिळत नाही. पुढच्या भेटीला ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक कार्ड घेऊन आले. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो. त्यात शर्यत नसते, परंतु वेळेची मर्यादा असते: २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. एकाच हंगामात हे चारही टप्पे पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनियर म्हणतात. वाटेत ठरावीक ठिकाणी आपल्या कार्डावर वेळ लिहून शिक्का घ्यायचा, आणि जिथे शिक्का मारायला कोणी नसेल तिथे एखाद्या एटीएमची पावती पुरावा म्हणून जपायची. त्यांनी आणलेले कार्ड २०० किलोमीटरचे होते. घामाने त्याचा एक कोपरा फुगून पुन्हा वाळला होता, शाई थोडी पसरली होती, पण प्रत्येक शिक्का व त्यापुढची वेळ स्पष्ट वाचता येत होती. त्यांनी त्यावरून हळूच बोट फिरवले आणि म्हणाले, "इथे काम पूर्ण झालं की झालं. कोणीतरी ते पाहतं, लिहून देतं. घरात आणि नोकरीत माझं काहीच कधी पूर्ण होत नाही."

हे वाक्य मी आजवर अनेकांना ऐकवले आहे, कारण धावण्याच्या आणि सायकलीच्या ओढीमागचे एक मोठे कारण त्यात आहे. वर गेले की गडाचा दरवाजा येतो, घाट चढला की खिंड येते, घड्याळात आकडा उमटतो. संसारात अशी खूण कोठेच नाही. आज केलेला स्वयंपाक उद्या पुन्हा करावा लागतो, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला पुन्हा आणाव्या लागतात, मुलीचा अभ्यास संपला असे दहा वर्षे तरी म्हणता येत नाही. ज्या माणसाला पूर्णत्वाची भूक आहे तो साहजिकच जिथे शिक्का मिळतो तिकडे वळतो. यात स्वार्थीपणा आहे असे मला वाटत नाही. परंतु घर सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसालाही हीच भूक असते आणि तिच्या कार्डावर शिक्का मारायला कोणीच उभे नसते, हे मात्र त्याच्या ध्यानात आलेले नसते.

ते कार्ड पाहून पत्नीने पर्समधून मोबाइल काढला आणि एक छायाचित्र माझ्यासमोर धरले. स्वयंपाकघरात लावलेल्या कालनिर्णयाचे ते पान होते. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, सोसायटीच्या टाकीची सफाई, मुलीची पालकसभा, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, असे सगळे त्या चौकोनांत बारीक अक्षरात होते, आणि दर शनिवार-रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने लहानशी फुली होती. फुली म्हणजे काय, असे मी विचारले. "त्या दिवशी माझ्यावर," त्या म्हणाल्या.

मग आम्ही एका रविवारचा हिशेब तिघांनी मिळून कागदावर मांडला, आणि या कामाला मी पूर्ण एक तास दिला. गृहस्थांच्या मते रविवारची राईड पहाटे पाच ते नऊ, म्हणजे चार तासांची होती. पत्नीने ती शनिवारी संध्याकाळपासून मोजायला घेतली. साडेसहाला सायकल बाल्कनीतून आत येते, चेन पुसून तिला तेल दिले जाते, हवा पाहिली जाते. पहाटे लवकर उठायचे म्हणून आठच्या आत जेवण, त्यामुळे शनिवारी कोणाकडे जाणे नाही, कोणाला बोलावणे नाही. साडेनऊला घरात दिवे मंद आणि टीव्हीचा आवाज बंद. रविवारी नऊला परतल्यावर अंघोळ, भरपेट नाश्ता, मग अर्धा तास मोबाइलवर राईडचे आकडे पाहणे आणि मित्रांना शाबासकी देणे. बारा ते दोन झोप. उठल्यावर अंग जड असते, म्हणून मंडईत जायचे ते चारनंतर, आणि चारला मंडईत निवडून उरलेली भाजी मिळते. शेवटची ओळ लिहून मी बेरीज केली. चार तासांच्या राईडसाठी घराचे जवळजवळ बावीस तास तिच्या तालावर चालत होते. "हा रविवारी घरी असतो," पत्नी शांतपणे म्हणाल्या, "पण तो आमच्या वाट्याला येत नाही."

गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांनी वाद घातला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अनेकजण या टप्प्यावर "मग तू का नाही सांगितलंस?" असे विचारून मोकळे होतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. हाच प्रश्न घेऊन जेव्हा एखादी स्त्री माझ्याकडे येते, तेव्हा तिचा कागद अगदी वेगळा निघतो. टेकडीवर एक तास धावण्यासाठी ती साडेचारला उठून कणीक मळते, डबे भरते, सासऱ्यांचा चहा थर्मासमध्ये ठेवते, आणि परत येताना आपण उशीर केला म्हणून अपराधी वाटून घेत जिना चढते. तिचा एक तास घराला काहीच मोजावा लागत नाही, कारण त्याची सगळी किंमत तिने आदल्या दोन तासांत स्वतः चुकती केलेली असते. तिला मी कमी धावा असे कधीच सांगत नाही. घरातल्या इतरांनी चहा स्वतः करावा, एवढेच सांगते आणि त्यासाठी त्यांनाही भेटीला बोलावते.

मूळ जोडप्याकडे वळते. आम्ही ठरवलेला बदल साधा होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री दोघांनी पुढच्या महिन्याचे पान समोर घेऊन बसायचे. आधी घराच्या तारखा लिहायच्या, मग राईड आणि गड, आणि त्या पेन्सिलीने नव्हे तर पेनाने, राईड घराला किती वाजेपर्यंत लागणार आहे त्या खऱ्या वेळेसह. शनिवारचा गड परत सुरू झाला, पण रविवारची सायकल महिन्यातून दोनदाच राहिली आणि त्याही दिवशी मंडई साडेनऊला, झोप त्यानंतर. उरलेल्या दोन रविवारच्या सकाळी पत्नीच्या. त्या सकाळी काय करणार, असे मी विचारले तेव्हा त्यांना चटकन उत्तर सुचले नाही. लग्नाआधी त्या पर्वती रोज चढत असत, हे आठवायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्याच महिन्यात ही घडी विस्कटली, हेही सांगायला हवे. पावसाळा होता, गडाच्या वाटेवरच्या खडकांवर शेवाळ धरले होते आणि उतरताना गृहस्थांचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली असताना ते दहाव्या दिवशी पट्टी बांधून टेकडीवर गेले. मला या घटनेची काळजी वाटली ती तासांच्या हिशेबापेक्षा अधिक. व्यायामाच्या अतिरेकाला मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, स्वतंत्र आजार म्हणून स्थान नाही, आणि उत्साही माणसाला व्यसनी ठरवण्याची घाई मी करत नाही. परंतु दुखापतीतही न थांबवणे, व्यायाम हुकला की घरच्यांवर चिडणे आणि त्यासाठी खोटे बोलणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो छंद राहिला नाही, असे समजून मी पुढे जाते. त्यांच्यात तिन्ही दिसल्या होत्या. बसल्या जागी नाडीचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले असणे, झोप उडणे, पायऱ्या चढतानाही पाय जड वाटणे ही शरीराकडून येणारी सूचना असते, आणि आठवडाभर रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहायला मी त्यांना सांगितले. त्यांना आकडे आवडत होते. ते आकडे त्यांनी ऐकलेही. घोटा बरा होईपर्यंत ते थांबले, आणि त्या काळात मुलीला सायकलचा आधार काढून चालवायला शिकवण्याचे, दोन वर्षे लांबलेले काम त्यांनी सोसायटीच्या आवारात पूर्ण केले. ते शिकवताना आपण एकदाही घड्याळ सुरू केले नाही, हे त्यांनी मला आश्चर्याने सांगितले.

त्यांची-माझी शेवटची भेट पुढच्या वर्षी, दिवाळीच्या थोडे आधी झाली. त्या हंगामात त्यांनी २००, ३०० आणि ४०० किलोमीटर पूर्ण केले होते. ६०० ची तारीख लागली ती नेमकी आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शनिवार-रविवारची. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते, आणि पत्नीने "मी घालेन, तू जा" असे म्हटलेही होते. कालनिर्णयावर शस्त्रक्रिया आधी लिहिलेली होती. ते गेले नाहीत. हंगाम संपल्यामुळे आता ही मालिका पुन्हा २०० पासून सुरू करावी लागणार होती, आणि याचे त्यांना वाईट वाटत होते. ते त्यांनी लपवले नाही, मीही त्यांची समजूत काढली नाही. पत्नी त्या दिवशी उशिरा पोहोचल्या, कारण त्या पर्वतीवरून परस्पर आल्या होत्या. पुढच्या वर्षी ६०० ची तारीख कधी आहे, असे त्यांनी बसता बसताच विचारले. गृहस्थ म्हणाले की ती अजून जाहीर झालेली नाही. "मग झाली की सांग," त्या म्हणाल्या, "नवीन कालनिर्णय आणल्यावर आधी तीच लिहू."