बर्लिनला संशोधनासाठी येताय? तुमचं होईल, आधी वहिनींचं ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यातून गणितात एम.एस्सी. केलंय, न्यूमेरिकल ॲनालिसिस (समीकरणं संगणकावर अंदाजाने सोडवण्याचं शास्त्र) हा विषय, आणि बर्लिनमध्ये पीएचडीची जागा जवळपास पक्की आहे. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, बी.ए.एम.एस. करून द्रव्यगुणात (आयुर्वेदातल्या औषधी वनस्पतींच्या अभ्यासात) एम.डी. झाल्यात. मेहुणी नागपूरला जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करतेय, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर तिचा प्रकल्प चालू आहे. तिघांनाही संशोधनच करायचंय. आणि घरच्यांचं म्हणणं, "जर्मनीत आयुर्वेदाला सोन्याचा भाव आहे, तिची काळजीच नको."

मी स्वतः न्यूमेरिकलवाली. पीएचडी बर्लिनलाच दालेम भागात केली, आता औषधांची गणिती मॉडेलं करणाऱ्या कंपनीत आहे. घर शोधणं, पत्त्याची नोंदणी, बँक खातं यावर ढीगभर लिहिलं गेलंय, ते मी सोडून देते.

तुमचं सगळ्यात सोपं आहे. यू-३ मेट्रोने दालेम-डॉर्फला उतरलात की चालत जाण्याच्या अंतरात फ्री युनिव्हर्सिटीचा गणित विभाग, त्सूझ इन्स्टिट्यूट आणि माक्स प्लांकची मॉलिक्युलर जेनेटिक्सची संस्था असं सगळं आहे. त्सूझ म्हणजे ज्यांनी १९४१ मध्ये याच शहरात झेड-३ हा संगणक चालवून दाखवला ते कोनराड त्सूझ. त्यांच्या नावाच्या या संस्थेत स्टिफ समीकरणांवर (ज्यांत अतिवेगवान आणि अतिसंथ बदल एकत्र येतात अशा) पिढ्यान्पिढ्या काम झालंय. स्त्रीच्या मासिक चक्रातल्या हार्मोन्सचं 'गिनसायकल' हे मॉडेलही तिथलंच. फ्री युनिव्हर्सिटी आणि पोट्सडाम विद्यापीठ मिळून 'फार्मेट्रिक्स' नावाचा पीएचडी कार्यक्रम चालवतात. त्यात गणितवाले आणि फार्मसीवाले शेजारी बसून एकच औषध दोन बाजूंनी बघतात. तुमच्या प्रोफेसरांचा विषय शुद्ध सिद्धांताचा असला तरी या कार्यक्रमाचे सेमिनार सोडू नका. पुढे नोकरी कुठून येते हे तिथे कळतं.

वहिनींच्या विषयाशी तुमचा संबंधही तिथेच लागेल. औषध रिसेप्टरला चिकटतं ते सेकंदाच्या अंशात, रक्तातून उतरतं तासांत, आणि आजार हलतो महिन्यांनी. हे सगळं एकाच समीकरणसंचात घातलं की साधी एक्सप्लिसिट पद्धत काळाची इतकी बारीक पावलं टाकते की गणन संपतच नाही, म्हणून मोठी पावलं झेपणाऱ्या इम्प्लिसिट पद्धती. हे तुम्हाला माहीतच आहे. पण खरी अडचण पावलांची नसते, पॅरामीटरची असते. एका लहान मुलाच्या रक्ताचे दोनच नमुने हातात असतात आणि मॉडेलमध्ये अज्ञात आठ. आता हेच दशमुळाच्या काढ्याला लावून बघा. दहा मुळं, प्रत्येकात डझनांनी संयुगं, आणि गुण नेमका कशाचा हे कोणी ठरवलेलं नाही. मग रक्तात मोजायचं कोणाला? तिथे तुमचा सॉल्व्हर कितीही चांगला असला तरी उत्तर एकमेव येत नाही. वनस्पतिज औषधांवरच्या संशोधनाला इथे पैसा मिळायला जड जातं त्यामागे पूर्वग्रह आहेतच, पण हेही कारण आहे. जेवणाच्या टेबलावर नवराबायकोंनी भांडायला याहून चांगला विषय मिळणार नाही.

आता पगार. पीएचडी इथे बहुधा नोकरीच असते, टीव्ही-एल ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीत. मात्र करारावर पूर्ण वेळेच्या किती टक्के ते लिहिलेलं असतं आणि ते वाचल्याशिवाय हो म्हणू नका. २०२५ च्या कोष्टकात पूर्ण वेळेला सुरुवातीला महिना साधारण ४,६०० युरो, करापूर्वी. गणितात बऱ्याचदा ७५ टक्के किंवा जास्त मिळतात, जीवशास्त्रात ६५ टक्के ही नेहमीची गोष्ट. ७५ टक्क्यांवर हातात सव्वादोन ते अडीच हजार पडतात, करवर्गानुसार. दोघांचं भागतं, पण त्यात बचत करून पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता भरू असं मनात असेल तर ते काढून टाका.

दुसरी गोष्ट, तुमचा परवाना कोणत्या प्रकारचा असेल ते विचारा. विद्यापीठ 'आउफनामेफेराइनबारुंग' म्हणजे यजमान-करार देणार असेल तर संशोधक म्हणून परवाना मिळतो, आणि मग जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची ए-१ (सगळ्यात प्राथमिक पातळीची) परीक्षा द्यावी लागत नाही. विद्यार्थी म्हणून आलात तर ती बहुधा लागते. एकदा आल्यावर वहिनींना नोकरीची पूर्ण मुभा असते. कागदावर मुभा असते म्हणजे नोकरी असते असं मात्र नाही. आणि खरा प्रश्न इथून सुरू होतो.

घरचे म्हणतात तो सोन्याचा भाव खोटा नाही, पण तो स्पाला आहे, मसाजला आहे, तेलाच्या बाटलीला आहे. वैद्याला नाही. बी.ए.एम.एस. ही पदवी इथे डॉक्टरकीचा परवाना मिळवून देत नाही. अमुक वर्षं काम केलं की मिळेल असंही नाही, कारण आयुर्वेदाचा डॉक्टर हा वर्गच कायद्यात नाही. पाटीवर परवानगीशिवाय 'डॉक्टर' लावलं तर तो गुन्हा ठरू शकतो. उपचार करायचेच असतील तर एक वाट आहे, हाइलप्राक्टिकरची, म्हणजे डॉक्टर नसलेल्या परवानाधारक उपचारकाची. १९३९ चा कायदा आहे. वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि आरोग्य खात्याची परीक्षा: ६० बहुपर्यायी प्रश्न, त्यात ४५ बरोबर, मग तोंडी. शरीरशास्त्र, विकृतिविज्ञान, संसर्गाचे कायदे. आयुर्वेदावर एकही प्रश्न नाही. गंमत म्हणजे बी.ए.एम.एस.ला मॉडर्नचे विषय घासूनपुसून शिकवतात, त्यामुळे आपल्या वैद्यांना विषय जड जात नाही. जड जातं जर्मन. तोंडी परीक्षेत समोरचा अधिकारी छातीत दुखणाऱ्या रुग्णाचं वर्णन भराभर सांगतो आणि तुम्ही कधी थांबून रुग्णाला इस्पितळात पाठवाल ते विचारतो. तिथे बी-१ चं, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन पुरत नाही.

संशोधनाचा दरवाजा त्यापेक्षा अरुंद, पण खरा आहे. शारिते हे बर्लिनचं विद्यापीठ-इस्पितळ आणि वान्झे भागातलं इमानुएल इस्पितळ इथे आयुर्वेदावर रीतसर क्लिनिकल अभ्यास झालेत. गुडघ्याच्या संधिवातावरचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वहिनींनी मुळातून वाचावा: १५१ रुग्ण, १२ आठवडे उपचार, एका गटाला आयुर्वेद, दुसऱ्याला इथले प्रचलित उपचार. आयुर्वेदाचा गट चांगला निघाला. पण आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत होतं, अभ्यंग आणि आहार लपवणार कसे? त्यामुळे किती गुण औषधाचा आणि किती वैद्याने दिलेल्या वेळेचा, हा प्रश्न उरतोच. अशा अभ्यासात काम हवं असेल तर वहिनींनी तिथूनच जीसीपीचं (क्लिनिकल अभ्यास नियमाने करण्याच्या पद्धतीचं) प्रमाणपत्र करून यावं, आणि बायोस्टॅटिस्टिक्स शिकून यावं. पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवण्याच्या कामात, बी.ए.एम.एस.वाले भरपूर आहेत. तो अनुभव असेल तर तो बायोडेटात वर घ्या, शतधौत घृतावरचा प्रबंध खाली. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण निवडणारी माणसं त्याच क्रमाने वाचतात.

द्रव्यगुण म्हटल्यावर प्रयोगशाळेचा रस्ताही आहे, वनस्पतींची ओळख आणि भेसळ यांचा. त्याला मागणी आहे, कारण नियम कडक आहेत. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे पारंपरिक वनस्पती-औषधाची सोपी नोंदणी हवी असेल तर किमान ३० वर्षांचा वापर दाखवावा लागतो, आणि त्यातली १५ वर्षं युरोपीय संघातली. चरकाचा दाखला इथे चालत नाही. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवरच बंदी घातली. रसौषधींचं नावही काढू नका. पारा आणि शिसं म्हटलं की संवाद संपतो.

आता तिघांनाही, म्हणजे वहिनी आणि मेहुणी या दोघींना आणि तुम्हालाही, एक सांगायचंय. नमुने घेऊन येण्याचा विचार कोणी करू नका. संशोधनासाठी भारतातली वनस्पती परदेशी संस्थेला द्यायची तर जैवविविधता कायदा, २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि जैविक संसाधनांच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नागोया करारामुळे इथली प्रयोगशाळाही तो कागद मागते. माणसाच्या रक्ताचा नमुना किंवा डीएनए असेल तर नीतिसमिती आणि आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. बॅगेत घातलेली शतावरीची पुडी संशोधनासाठी निरुपयोगीच असते, तिच्यावरचा पेपर कोणी छापणार नाही. तुम्ही मात्र लॅपटॉप उचलून येऊ शकता, गणिताला कस्टम नाही. म्हणूनच "माझं जमलं म्हणजे तिचंही जमेल" हा हिशेब चुकतो.

मेहुणीचं वेगळं आहे. तिला तुमच्या व्हिसावर येता येणार नाही, तिची वाट तिची. पण विषय चांगला धरलाय. सिकलसेल हा जर्मनीत पाठ्यपुस्तकातला आजार होता. स्थलांतर वाढलं तसा तो इस्पितळात दिसू लागला आणि ऑक्टोबर २०२१ पासून इथे प्रत्येक नवजात बाळाची त्यासाठी तपासणी होते. भारताची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली जुलै २०२३ मध्ये. उत्परिवर्तन सगळीकडे तेच, बीटा-ग्लोबिनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. पण आपल्याकडे अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय खुणांचा संच) आढळतो, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि आजार सरासरीने सौम्य असतो असं पुस्तकं सांगतात. विदर्भात मात्र त्याच हॅप्लोटाइपची गंभीर आजारी मुलंही दिसतात. का, हा चांगला प्रश्न आहे, आणि तो विचारायला नागपूर-चंद्रपूरकडे बघितलेली मुलगी बर्लिनमध्ये दुर्मिळ आहे. तिने माक्स प्लांकच्या 'बायॉलॉजी अँड कॉम्प्युटेशन' संशोधनशाळेचा विचार करावा, आणि त्याआधी तुमच्याकडून लिनिअर अल्जिब्रा शिकावं. फुकट मास्तर घरात आहे.

तिला इथे एक गोष्ट जाचेल: माणसाच्या जनुकीय माहितीबद्दलची सावधगिरी. संमतिपत्रं, नीतिसमिती, माहिती कोणत्या सर्व्हरवर राहणार, कोणाला दिसणार. नवीन आलेली मुलं वैतागतात. मी त्यांना इनेश्ट्रासवरच्या २२ नंबरच्या इमारतीपाशी घेऊन जाते. आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात. १९२७ मध्ये ती कायझर विल्हेल्म संस्थेची मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि 'सुप्रजनन' यांची शाखा म्हणून उघडली. ऑयगेन फिशर तिचे प्रमुख, आणि त्यांच्याच हाताखाली त्या सुरुवातीच्या वर्षांत पीएचडी करायला आल्या होत्या इरावती कर्वे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. विषय होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता. ती वंशाप्रमाणे बदलते असं दाखवायचं होतं. बाईंच्या मोजमापांतून ते निघालं नाही, आणि त्यांनी तसं लिहून दिलं. पुढे याच संस्थेत आउशविट्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेलेने पाठवलेले मानवी अवशेष येत. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना हाडं सापडली, २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं. हे बघितल्यावर संमतिपत्राच्या चौदाव्या पानाबद्दल फार कोणी कुरकुरत नाही.

तुमच्या तिघांचे विषय एकत्र करून 'प्रकृती आणि जनुकं' यावर प्रस्ताव लिहू, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. लिहा, पण आधी २०१५ चा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या आणि इतर संशोधकांचा पेपर तिघांनी बसून वाचा. ३,४१६ पुरुषांतून स्पष्ट प्रकृतीचे २६२ निवडले, लाखो जनुकीय खुणा तपासल्या आणि ५२ खुणा वेगळ्या निघाल्या, त्यात पित्तप्रकृतीशी जोडलेलं पीजीएम-१ हे जनुक. काम धाडसी आहे. पण इथला परीक्षक पहिला प्रश्न विचारेल की लाखो खुणा तपासल्यावर योगायोगाने किती निघाल्या असत्या, आणि दुसरा, दोन वैद्यांनी एकाच माणसाची प्रकृती वेगवेगळी सांगितली तर काय. पहिल्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, दुसऱ्याचं वहिनींनी. माझ्या मते आधी दुसऱ्याचं द्यावं. नाडी बघणाऱ्यांत एकमत किती हे मोजणारा छोटा अभ्यास पुण्यातच होईल, फारसा पैसा लागणार नाही, आणि वहिनींच्या नावावर स्वतःचा पेपर असेल.

म्हणून क्रम असा सुचवेन. तुम्ही आधी या, पण त्या वेळात वहिनींनी नुसती वाट बघू नये. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन सुरू करून निदान बी-१ पर्यंत जावं, तो नाडीचा अभ्यास उरकावा आणि मग यावं. इथे येऊन शून्यापासून जर्मन शिकणाऱ्या, हुशार, पदवीधर बायका मी बऱ्याच बघितल्यात. पहिला हिवाळा फार लांबतो. आणि हे त्यांना न विचारता ठरवू नका, प्रश्नात त्यांचं मत कुठेच नाही म्हणून सांगते.

प्रोफेसरांना पुढच्या मेलमध्ये तीन गोष्टी विचारा: करार किती टक्क्यांचा, किती वर्षांचा, आणि यजमान-करार मिळणार का. मुदत लेखी घ्या, कारण विद्यापीठात तात्पुरत्या करारांना पीएचडीपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी कायद्याची मर्यादा आहे. मी कंपनीत गेले त्यामागे हेही एक कारण होतं. मसुदा हातात आला की खाजगी भाग झाकून मला पाठवा, वाचून सांगते.