आमचाच विश्वास कमी पडला का?

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना नाशिकच्या शरणपूर रोड परिसरातील, पंचावन्नच्या आसपास वय असलेल्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांचे पती तीन वर्षे डायलिसिसवर होते आणि आठ महिन्यांपूर्वी ते वारले. बाईंनी आधी झोपेची तक्रार सांगितली, मग पिशवीतून कापडात गुंडाळलेले बायबल काढून टेबलावर ठेवले. "मॅडम, हे आता उघडवत नाही. सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती, तरी ते गेले. माझाच विश्वास कमी पडला असेल का?"

ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी आधी त्यांच्या कानात घातलेला असतो. येथेही तसेच झाले होते. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका परिचित बाईंनी मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी काहीच अशक्य नाही, हे बायबलमधील वचन ऐकवले होते. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण दुःखाच्या घरी वचन सांगण्यापेक्षा भाकरीचा डबा घेऊन जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. पतीची प्रकृती फार खालावली तेव्हा, ते जिवंत असतानाच, बाईंनी ख्रिस्ती दफनभूमीतील जागेची चौकशी केली होती. मुलगा परगावी, हाताशी कुणी नाही, ऐन वेळी धावपळ नको, एवढाच त्यामागचा विचार होता. मात्र पती गेल्यानंतर त्याच दिवसावर त्यांनी बोट ठेवले. "त्या दिवशी मी आशा सोडली, म्हणून देवानेही हात काढून घेतला," असे त्या रोज रात्री स्वतःला सांगत होत्या, आणि आठ महिने हे कुणाजवळही बोलल्या नव्हत्या.

या अपराधभावाकडे वळण्यापूर्वी मला दुसरे काही पाहणे भाग होते. पहाटे तीनला जाग येणे, जेवणावरची वासना उडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातला बराचसा वेळ टिकून राहिले, तर ते केवळ आध्यात्मिक कोरडेपण आहे असे समजून चालत नाही. मरणाचे विचार येतात का, हेही मी सरळ विचारले. "झोपेतच न्यावे असे वाटते, पण मी स्वतःला काही करणार नाही," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि रात्रीअपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास सुरू असणारा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. गोळी घेणे म्हणजे अविश्वास का, असे त्यांनी विचारले, तेव्हा पतीच्या डायलिसिसला त्यांनी कधी अविश्वास म्हटले होते का, एवढेच मी विचारले. बायबलमधील मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नव्हता, झोपू दिले होते आणि दोनदा उठवून खाऊ घातले होते, याची आठवण पुढे त्यांनीच मला करून दिली.

प्रार्थना सुचत नाही, या तक्रारीवर आम्ही एक वेगळा मार्ग धरला. बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी भरवशाकडे वळतात, पण ८८ वे स्तोत्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले, कारण तक्रार करणारा देवाशीच बोलत असतो. बाईंनी आठवडाभर रोज तेवढे एकच स्तोत्र वाचले आणि नंतर वहीत स्वतःची तक्रार लिहिली. ती मी वाचायला मागितली नाही.

दफनभूमीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझे नव्हते. शास्त्राचा अर्थ सांगणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, असे मी मानते. म्हणून त्यांच्या संमतीने मी त्यांच्या पाळकसाहेबांशी बोलले. ते घरी गेले, चहा घेतला आणि त्यांनी बायबलमधील इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय उघडला. विश्वासवीरांच्या त्या यादीत योसेफाचे नाव आहे, आणि ते मिसरमधील (इजिप्तमधील) सत्तेसाठी वा भावांना केलेल्या क्षमेसाठी नाही. मरतेसमयी त्याने इस्राएल लोकांच्या मिसरमधून निघण्याचा उल्लेख केला आणि आपल्या अस्थींविषयी आज्ञा केली, तेवढ्याचीच तेथे नोंद आहे. पुरण्याची व्यवस्था करणे तेथे विश्वासाचे कृत्य मानले आहे. बाई मला म्हणाल्या, "लहानपणापासून हा अध्याय वाचत आले, पण ही ओळ माझ्यासाठी आहे हे कधी कळलेच नाही."

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. नाताळच्या उपासनेला त्या गेल्या, पण गीते सुरू होताच उठून बाहेर आल्या. पुढे काही रविवार शेवटच्या बाकावर बसल्या, गायल्या नाहीत. मोहरीच्या दाण्याचे वचन ऐकवणाऱ्या बाईंशी त्या अजून बोलत नाहीत, आणि मीही त्यासाठी आग्रह धरलेला नाही.

मार्चमधल्या भेटीत त्यांनी सहज सांगितले की पतीच्या कबरेशेजारची जागा स्वतःसाठी मिळेल का, याची चौकशी त्या करून आल्या आहेत. मी सावध झाले आणि मरणाच्या विचारांविषयीचा जुना प्रश्न पुन्हा सरळ विचारला. त्या हसल्या. "तसे नाही हो मॅडम. जूनमध्ये नातीची शाळा सुरू होते आहे. तिला सोडायला मीच जाणार आहे."