कावीळ दिरांना, रिपोर्ट मुलीचा

प्रश्न : माझ्या दिरांना हिपॅटायटिस ए ची कावीळ झाली. माझी चार वर्षांची मुलगी ठणठणीत आहे, तरी तिचीही आयजीएम चाचणी (अलीकडच्या संसर्गाची खूण शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणतात, तिनेच घरात आणली. लक्षणं नसताना संसर्ग असणं इतकं सर्रास असतं? बायका-पुरुषांत फरक असतो का?

उत्तर : सर्रास असतं, आणि या विषाणूच्या बाबतीत तर सगळा खेळ वयाचा आहे. सहा वर्षांखालच्या दहापैकी सुमारे सात मुलांना काहीच होत नाही. मोठ्यांमध्ये नेमकं उलटं, दहापैकी सातांहून अधिक जणांना कावीळ होते. म्हणून दिरांचे डोळे पिवळे झाले आणि मुलगी उड्या मारत राहिली.

पोलिओतही दर २०० संसर्गांमागे साधारण एकालाच लुळेपणा येतो. गोवर मात्र सहसा लपत नाही. पण ‘लक्षणं नाहीत म्हणजे सुटलो’ असं समजू नका. हिपॅटायटिस बी जन्मताना लागली तर बाळ वरून अगदी छान दिसतं, आणि उपाय केले नाहीत तर दहापैकी नऊ बाळांत ती कायमची ठाण मांडते. मोठेपणी लागली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत.

बायका-पुरुषांतला फरक बराचसा संपर्कातून येतो. सायटोमेगॅलो हा बहुधा लक्षणं न देणारा विषाणू बायकांत थोडा अधिक सापडतो. लहानग्यांची लाळ आणि लघवी पुसायचं काम कुणाकडे असतं, हे त्यामागचं एक कारण. (पुरुषवाचकांनी नोंद घ्यावी.)

आता आरोपाबद्दल. हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, आणि आयजीएम काही महिने टिकतं. त्यामुळे आधी मुलगी की आधी दीर, की दोघांना एकाच पाण्यातून, हे या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकणार नाही. मुलं लक्षणं नसतानाही शौचावाटे विषाणू बाहेर टाकतात, तेव्हा तिची शी धुतल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, तिचे आणि तुमचेही. घरात ज्यांना हा आजार किंवा लस झालेली नाही, त्यांना संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत लस देता येते. डॉक्टरांना आजच विचारा.

लस देण्याआधी सासूबाईंची आयजीजी चाचणी (पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची, म्हणजेच संरक्षणाची खूण शोधणारी) करून घ्या. कावीळ झाल्याचं त्यांना आठवत नसलं, तरी ती पॉझिटिव्ह येण्याची शक्यता चांगलीच आहे.