सतरा पौंडांच्या हिशेबातली आजी

प्रश्न आहे, ‘आपल्या पूर्वजांचा मनापासून अभिमान असलेली एखादी वृद्ध व्यक्ती तुम्ही जवळून पाहिली आहे का?’ हो, पाहिली आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, त्या घरमालकीणबाई. नव्वदी ओलांडून गेल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो.

सॉल्ट लेक सिटी ज्या राज्यात आहे त्या युटामध्ये पायोनियर, म्हणजे सुरुवातीला येऊन वसलेले लोक, कोणाला म्हणायचं, हे तारखेवर ठरतं. इलिनॉयमधून हुसकावून लावलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना घेऊन त्यांचे पुढारी ब्रिगहॅम यंग २४ जुलै १८४७ ला या खोऱ्यात उतरले. १० मे १८६९ ला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेचे रूळ इथे युटात जोडले गेले. त्याआधी जे पोचले ते पायोनियर. ‘डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स’ या १९०१ सालच्या संस्थेत सभासद व्हायलाही हीच अट आहे, आणि आजी तिथल्या जुन्या सभासद.

त्यांची पणजी १८५६ मध्ये नऊ वर्षांची होती. इंग्लंडहून बोटीने आली आणि आयोवा सिटीपासून पुढे हातगाडीबरोबर चालत. गरिबांना बैल आणि मोठ्या गाड्या परवडत नव्हत्या, म्हणून हातगाड्यांची टूम निघाली होती. सामान माणशी १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. त्या वर्षी दोन जथे उशिरा निघाले आणि वायोमिंगमध्ये ऑक्टोबरच्या बर्फात सापडले. दोन्ही मिळून दोनशेहून जास्त माणसं दगावली. त्यात पणजीचे वडील होते. तिच्या पायाची बोटं हिमदंशाने गेली.

एकदा मी सहज बोलून गेले की येताना आम्ही तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा आणल्या. आजी उठल्या, न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि त्यावर घरातलं बिडाचं मोठं भांडं ठेवलं. काटा त्यातच सतराला टेकला. भांडं उतरवलं, मग एक गोधडी, जोडीचे बूट, दोन झगे, बायबल. “आता सांग, यातलं काय टाकशील?” मी गोधडीकडे हात नेला तर म्हणाल्या, “आणि रात्री?” त्यांचा अभिमान असा होता. चमत्कार वगैरे शब्द त्यांच्या तोंडी नसत. कोणी काय उचललं, काय वाटेत टाकलं, कोण कुठे पुरलं, हे सगळं मात्र तोंडपाठ.

बर्फापेक्षा त्यांना १८८७ चा राग जास्त होता. युटातल्या बायकांना १८७० मध्येच मताचा हक्क मिळाला होता. पणजीने तो बजावला, आणि सतरा वर्षांनी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून तो काढून घेतला. १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा तो परत मिळाला. हे सांगताना म्हातारीचा आवाज चढायचा. मला ते फार आवडायचं.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्या मनात त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे. शेवटच्या वर्षांत नातवंडांसाठी त्या घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. पायोनियर आले तेव्हा इथे शोशोनी, यूट, गोशूट हे मूळचे लोक राहत होतेच. वसाहत वाढली, तशी त्यांना मिळणारी शिकार आणि रानातलं धान्य संपत गेलं. २९ जानेवारी १८६३ ला बेअर नदीकाठी अमेरिकन लष्कराने शेकडो शोशोनी मारले, त्यात बायका-मुलंही होती. आजींनी हे सगळं लिहिलं. घरातल्या कोणीतरी सुचवलं, घराण्याच्या वहीत हे कशाला? आजींनी ते पान काढलं आणि पणजीच्या प्रवासाच्या आधी नेऊन लावलं.