पोएमनंतर : घास, गोळी आणि उशी

अकॅलेशिया या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू, म्हणजे जठराच्या तोंडावरची झडप, गिळताना सैल पडत नाही. पोटावर छेद न घेता, तोंडातून दुर्बीण घालून हा स्नायू आतूनच कापण्याच्या शस्त्रक्रियेला 'पोएम' म्हणतात. जपानमध्ये डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये ती माणसावर पहिल्यांदा केली. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझं पोएम आहे. बाहेर एकही टाका नसतो, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीही का देत नाहीत? आणि नंतर इतके दिवस पातळच का खायचं?

बाहेर टाका नसला तरी आत जखम असते, आणि ती बरीच लांब असते. जठराच्या तोंडापासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर वर अन्ननलिकेच्या अस्तराला २ सेंटिमीटरची चीर देतात. तिथून अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचत टोचत एक बोगदा तयार करतात आणि तो जठरात २-३ सेंटिमीटर आतपर्यंत नेतात. बोगद्यातून गोल स्नायूचे तंतू कापले की वरची चीर धातूच्या छोट्या क्लिपांनी चिमटून बंद करतात. म्हणजे कापलेला स्नायू आणि तुमचा घास यांच्यामध्ये उरतं ते फक्त पातळ अस्तर. ते कुठे भाजलं असेल किंवा क्लिप नीट बसली नसेल, तर गिळलेलं पाणी थेट छातीच्या पोकळीकडे जाऊ शकतं.

म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवशी आधी एक्स-रेखाली औषध गिळायला देतात. हे औषध पाण्यात विरघळणारं असतं. बेरियम हे एक्स-रेसाठीचं नेहमीचं औषध मुद्दाम टाळतात, कारण गळती असलीच तर बेरियम छातीत जाऊन दाह करतं. फोटो स्वच्छ आला की घोट घोट पाणी सुरू होतं.

त्यापुढचं वेळापत्रक जागोजागी थोडं वेगळं असतं. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेच पाळा. साधारण रीत अशी : पहिला दिवस पाणी आणि गाळलेलं सूप, मग दोन-तीन दिवस दूध आणि इतर पातळ पदार्थ, त्यानंतर एक ते दोन आठवडे काट्याने दाबल्यावर सहज मोडेल इतकं मऊ अन्न. एका वेळी अर्धा-पाऊण कप, दर दोन-तीन तासांनी. वर्षानुवर्षं अडकणारा घास एकदम सरकायला लागला की हात आवरत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. टोस्ट, दाणे, चिप्स, सालीसकट फळं असं टोकदार आणि कडक काही या काळात नको, कारण क्लिपा अजून जागेवर असतात. गॅसची पेयंही नकोत, त्यांनी अन्ननलिका आतून ताणली जाते.

प्रश्न : वडिलांचं पोएम होऊन दोन दिवस झाले. मान थोडी सुजली आहे, दाबली की करकर आवाज येतो. छातीत दुखतं, मधूनच उचकी लागते. आम्ही घाबरलो आहोत. हे नेहमीचं आहे का?

करकर आवाज वायूचा आहे. शस्त्रक्रियेत जागा दिसावी म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यातला थोडा स्नायूंमधून झिरपून मानेच्या कातडीखाली येतो. साधी हवा न वापरता हा वायू वापरतात तो याचसाठी : शरीर तो पटकन शोषून घेतं. सूज दोन-तीन दिवसांत ओसरायला हवी. खांदादुखी आणि उचकी बहुधा श्वासपटल डिवचलं गेल्यामुळे असते. घसा दुखतो तो भुलेच्या नळीमुळे.

छातीचं दुखणं काही दिवस राहतं, कधी पाठीतही जातं. ते किती आहे यापेक्षा त्याची दिशा बघा. कालच्यापेक्षा आज कमी असेल तर ठीक. कमी होऊन पुन्हा वाढायला लागलं, तर घरी थांबू नका. औषध पातळ पॅरासिटामॉलचं असावं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी : ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर, वाढतं दुखणं, धाप, बसल्या जागी छातीत धडधड, मानेची सूज वाढत जाणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. निघाल्यावर वडिलांना वाटेत काहीही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आणि शस्त्रक्रिया झाली त्याऐवजी दुसऱ्याच रुग्णालयात जावं लागलं, तर डिस्चार्जचा कागद आधी पुढे करा आणि 'अन्ननलिकेचा स्नायू कापला आहे, दुर्बिणीने पाहिल्याशिवाय नाकातून पोटात नळी घालू नका' हे स्पष्ट सांगा. उलटीच्या रुग्णाला सवयीने अशी नळी घातली जाते. ताज्या अस्तराला ती भोक पाडू शकते.

प्रश्न : आत बसवलेल्या क्लिपा काढायला पुन्हा यावं लागतं का?

नाही. अस्तर जुळलं की काही आठवड्यांत त्या आपोआप सुटतात आणि शौचावाटे निघून जातात, कळतही नाही. दरम्यान कोणी एमआरआय सांगितला तर क्लिपांबद्दल आधी सांगा. काही क्लिपा चुंबकीय क्षेत्रात चालतात, काही चालत नाहीत. कोणत्या जातीच्या बसवल्या ते शस्त्रक्रियेच्या नोंदीत असतं.

प्रश्न : कामावर कधी जाता येईल? रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय?

बैठं काम असेल तर बहुतेकांना आठवडाभरात जमतं. ४-५ किलोपेक्षा जड उचलणं, पोटावर जोर येणारा व्यायाम आणि कुंथणं दोन आठवडे टाळा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही ठेवू नका. सुरू करण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या पोएमला चार महिने झाले. वजन ६ किलोने वाढलं, उलट्या थांबल्या. पण कोरडा घास अजून छातीत रेंगाळतो, वर पाणी प्यावं लागतं. शस्त्रक्रिया फसली का?

तुम्ही लिहिलं आहे त्यावरून फसलेली दिसत नाही. अकॅलेशियात दोन बिघाड असतात. एक, झडप उघडत नाही. दोन, घास खाली ढकलणारी अन्ननलिकेची लाट नाहीशी झालेली असते, कारण ती चालवणाऱ्या चेतापेशीच मेलेल्या असतात. पोएम पहिला बिघाड दुरुस्त करतं. लाट बहुतेकांमध्ये परत येत नाही. आता तुमचा घास खाली जातो तो स्वतःच्या वजनाने आणि वरून प्यायलेल्या पाण्याच्या भाराने. त्यामुळे घासामागून पाणी पिणं हा तुमच्या जेवण्याच्या रीतीचा भाग समजा. ताठ बसून जेवा. घास लहान घ्या, चावून पातळ करा आणि कोमट पाणी जवळ ठेवा, गार पाण्याने काहींना कळ येते. मऊ पाव आणि तंतुमय मांस सगळ्यात जास्त छळतात : पाव लाळेत भिजून गोळा होतो आणि मांसाचा दोरा तुटत नाही. जेवल्यावर अर्धा तास उभं राहा किंवा चाला.

स्वतःची प्रगती मोजायची असेल तर डॉक्टर वापरतात तोच एकार्ट गुणांक वापरा. घास अडकणं, अन्न वर येणं, छातीत दुखणं या प्रत्येकाला गुण द्या : कधीच नाही ०, अधूनमधून १, रोज २, प्रत्येक जेवणाला ३. वजन घटलं नसेल तर ०, ५ किलोपेक्षा कमी घटलं तर १, ५ ते १० किलो २, त्याहून जास्त ३. एकूण १२ पैकी ३ किंवा कमी आले तर उपचार लागू पडला असं मानतात. दर तीन महिन्यांनी वहीत लिहून ठेवा. आकडा चढायला लागला की तपासायला जा.

एक सावधगिरी मात्र हवी. अन्ननलिका फुगत गेली तरी रुग्णाला कळत नाही, असंही होतं. म्हणून 'वेळ लावून बेरियम' ही तपासणी करून घ्यावी. ठरावीक बेरियम पिऊन १, २ आणि ५ मिनिटांनी उभ्याने फोटो काढतात आणि साचलेल्या स्तंभाची उंची मोजतात. त्रास परत आला तर कारण शोधावं लागतं : स्नायू खालच्या टोकाला अर्धवट कापला गेला, जखमेचा व्रण आवळला की आम्लाने नलिका अरुंद झाली. प्रत्येकाचा इलाज वेगळा. फुग्याने ताणणं किंवा पुन्हा पोएम करणं, दोन्ही शक्य असतं.

प्रश्न : मला जळजळ अजिबात होत नाही. तरी डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी बंद करू देत नाहीत. ती किती दिवस घ्यायची?

या शस्त्रक्रियेचं खरं दुखणं तुमच्या प्रश्नात आहे. जी झडप अन्न अडवत होती, तीच आम्लही अडवत होती. याच आजारासाठी पोटावर छेद घेऊन केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत स्नायू कापल्यावर जठराचा थोडा भाग अन्ननलिकेवर गुंडाळून एक आडोसा करतात. पोएममध्ये तो नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२१ रुग्णांच्या युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनंतरचं यश दोन्हीकडे जवळजवळ सारखं होतं, ८३ आणि ८२ टक्के. पण आम्लाने अन्ननलिकेला झालेला दाह दोन वर्षांनी पोएमच्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्या गटात २९ टक्के दिसला. जळजळ नसणं हा पुरावा धरू नका. चेता बोथट झालेल्या अन्ननलिकेत आम्ल गुपचूप काम करतं.

तेव्हा गोळी बंद करायची की नाही हे दुर्बिणीची तपासणी आणि गरज पडल्यास २४ तासांची आम्लमापन तपासणी ठरवते. पहिली दुर्बीण साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत करतात. दाह नसेल तर गोळी कमी करून बघता येते. असेल तर ती चालूच राहते.

घेण्याची पद्धतही महत्त्वाची. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची. पोटभर जेवून झाल्यावर घेतली तर तिचा अर्धा उपयोग वाया. गोळी चावू किंवा कुटू नका, वरचं आवरण फुटलं की जठरातलं आम्लच औषध नष्ट करतं. गिळायला अवघड असेल तर कॅप्सूल उघडून दाणे मऊ फळाच्या गरावर टाकून न चावता गिळता येतात. कुठलीही गोळी बसून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्या. डॉक्सीसायक्लीन, हाडांसाठीची अलेंड्रोनेट आणि पोटॅशियमची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच व्रण करते. कोणी ती लिहून दिली तर तुमची अन्ननलिका ढकलत नाही हे सांगा आणि पर्याय मागा.

रात्री शेवटचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पलंगाचं डोक्याकडचं टोक १५-२० सेंटिमीटर उचला, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे ठेवून. उशांची चळत नको. तिने मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट वर येतं.

प्रश्न : आता दातांची किंवा दुसरी एखादी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर काही सांगावं लागेल का?

भूल देणार असतील तर हो, भूलतज्ज्ञांना आधी सांगा. पोएम झालं तरी अन्ननलिका रिकामी असेलच असं नाही. आदल्या रात्रीचं अन्न तिच्यात उरलं असेल तर भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यामुळे काही वेळा नेहमीच्या उपाशी राहण्याच्या वेळेपेक्षा जास्त, म्हणजे आदला दिवसभर, फक्त पातळ पदार्थांवर राहायला सांगतात. दातांत नुसतं सुन्न करण्याचं इंजेक्शन असेल तर ही काळजी नको. फक्त खुर्ची फार मागे झुकवू नका म्हणावं.