पहिली दुर्बीण घेताना

बजेट कमी आहे म्हणून ३० पट झूमच्या जाहिरातीला भुलू नकोस. तितक्या पटीत हाताची थरथरही वाढते, आणि नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत पक्षी उडालेला असतो. पक्षीनिरीक्षणाला ८×४२ घे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी. भिगवणला पहाटे, उजनीच्या पाण्यावर जेमतेम उजाडलेलं असताना बदकं ओळखायची तर हीच रुंदी कामी येते. खिशात मावणारी १०×२५ तिथे अडीचवरच अडकते. मला ती कधीच पटली नाही.

पैसे मोजकेच असतील तर सरळ नळीच्या देखण्या दुर्बिणीपेक्षा जुन्या पद्धतीची, खांदे बाहेर आलेली ‘पोरो’ प्रकारची दुर्बीण बघ. तेवढ्याच किमतीत चित्र बहुतेकदा जास्त स्वच्छ मिळतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर हवा. दुकानाबाहेर येऊन लांबची पाटी वाच. डोळे ओढल्यासारखे वाटले तर ती घेऊ नकोस. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, नाहीतर भिंगाला बुरशी धरते.