आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) संत्री तोडणीच्या तोंडावर गळताहेत, कोणतं औषध मारू?

लगेच कोणतंच नाही. पंप खाली ठेवा आणि रात्री आठनंतर बॅटरी घेऊन बागेत जा. फळावर बसलेल्या, रस पिणाऱ्या पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. मागचे पंख पिवळे-नारिंगी, त्यावर काळे डाग. दिवसा एक सापडायचा नाही.

२०२० साली काटोलकडच्या आमच्या बागेत हेच झालं. फळाला रंग चढायला लागला आणि रोज सकाळी झाडाखाली सडा. कृषी केंद्रवाल्याने तीन फवारण्या गळ्यात मारल्या, गळ तशीच. शेवटी एक पडलेलं फळ उचलून दाबलं, तर टाचणीएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी थेट चष्म्यावर. भोकाभोवती साल मऊ, तपकिरी. पतंग सोंड खुपसून रस पितो, त्याच भोकातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं. बाहेरून उडत येतो अन् पिऊन जातो, तुमच्या फवाऱ्याचं त्याला काय?

याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल असल्या वेलींवर. आणि आमच्या मोठ्या भावाने नेमकी धुऱ्यावरच्या कडुलिंबावर गुळवेल पोसलेली, करोनाच्या काढ्यासाठी! तोडतो म्हटलं तर म्हणे, ‘लिंबावरची गुळवेल अमृत असते.’ पानं उलटून दाखवली: मखमली काळपट अळ्या, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. तरी महिनाभर अबोला धरला त्यानं. मी तोडलीच.

तुम्हीही वेली मुळासकट काढा, तुकडा राहिला तरी फुटते. शेजाऱ्यालाही सांगा. दिवस मावळला की बागेत धूर करा. पडलेली फळं रोज वेचून खोल पुरा, झाडाखाली सडू देऊ नका.

हां, प्रत्येक गळ पतंगाचीच असते असं नाही. देठापाशी काळं पडून गळत असेल तर बुरशी, तिथे फवारणी लागते. फळ चिरल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळल्या तर फळमाशी, तिला मिथाइल युजेनॉलचे (माशीला वासाने ओढणारे) सापळे लावा. आमचा दादा अजून म्हणतो, ती फळमाशीच होती. त्याच्यासमोर वीस फळं चिरली होती मी. एकातही अळी नव्हती.